सर्वांत धडकी भरवणारा हेवीवेट कोण? माझं मत टायसनला नाही, लिस्टनला

प्रश्न असा आला आहे: "इतिहासातला सगळ्यात भीतीदायक हेवीवेट (सर्वांत वजनदार गटातला) बॉक्सर कोण? माईक टायसनच ना? आणि त्याच्यासमोरचे लोक घंटा वाजण्याआधीच हरलेले असायचे म्हणतात, ते खरं की नंतर रंगवलेल्या गोष्टी?"

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. माझा पहिला क्रमांक सनी लिस्टन, दुसरा १९७३-७४ चा जॉर्ज फोरमन आणि तिसरा टायसन. "घंटा वाजण्याआधीच हरले" हे काही लढतींत अक्षरशः खरं आहे. बऱ्याच लढतींत मात्र ते हरण्याचं सोयीस्कर कारण आहे.

मी पुण्यात हौशी बॉक्सर तयार करतो, त्यांच्या लढतींना रिंगच्या कोपऱ्यात, म्हणजे कॉर्नरमध्ये, उभा असतो. त्यामुळे या प्रश्नाकडे मी प्रेक्षकाच्या खुर्चीतून बघत नाही. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. दिसायला भयंकर कोण, सर्वांत जोरात मारणारा कोण, आणि ज्याच्यासमोर चांगला बॉक्सर स्वतःचं बॉक्सिंग विसरतो तो कोण. पहिलीचं उत्तर पोस्टर बघून देता येतं. दुसरीसाठी अर्नी शेव्हर्सचं नाव घेऊन मोकळं होता येईल: ७४ विजय, त्यातले ६८ नॉकआउट. पण शेव्हर्सच्या नुसत्या नावाने कुणाचे हातपाय गळाले नाहीत. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर मुहम्मद अली त्याच्याशी १५ फेऱ्या खेळला. १९७९ मध्ये तेव्हाचा जगज्जेता लॅरी होम्स त्याच्या एका उजव्या ठोशाने आडवा झाला, उठला आणि जिंकला. ठोशाची भीती आणि माणसाची भीती वेगळी. खरी दहशत ती तिसरी, आणि ती मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडत नाही. ती समोरच्याच्या पायांत दिसते.

माझ्या मुलांमध्ये ती कशी ओळखतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच मापाने मोजणार आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे कोण कुणाशी लढणार त्या यादीत, समोर हरियाणाचं किंवा सर्व्हिसेसचं (सैन्यदलांच्या संघाचं) नाव दिसलं की काही पोरं गप्प होतात, काही उगाच जोक मारायला लागतात. त्यावरून काहीच ठरत नाही. रिंगमध्ये मात्र लपत नाही. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चार बोटं आधीच थांबतो, कारण पाय पुढे पडलेलाच नसतो. माघार घेताना पोरगा बाजूला न जाता सरळ रेषेत मागे जातो. म्हणजे जोरात मारणाऱ्याला हवा असतो नेमक्या त्या रेषेवर राहतो. खांदे कानाला लागलेले, मुठी सतत आवळलेल्या, श्वास धरलेला. त्यामुळे दुसऱ्या फेरीतच हात जड. आणि पहिला ठोसा बसला रे बसला की मिठी, म्हणजे मार चुकवायला समोरच्याला कवटाळणं. यातली एखादी गोष्ट असेल तर ती तांत्रिक चूक समजतो. चारही दिसल्या की समजायचं, पाचावर धारण बसली आहे.

एक मान्य करतो. हे माप ज्यांचं चित्रण आहे त्यांनाच नीट लावता येतं. जॅक डेम्प्सीने ४ जुलै १९१९ ला टोलेडोत साडेसहा फुटी जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. पण विलर्ड आधी घाबरलेला होता असं मला त्यात दिसत नाही. तो फक्त मार खात होता. शिवाय समोर कोण आहे यावरही बरंच अवलंबून असतं. दुबळ्याला घाबरवणं सोपं, म्हणून मी फक्त असे बळी मोजतो जे इतर वेळी भ्यालेले नव्हते.

आता लिस्टन. अमेरिकेच्या अर्कान्सासमधल्या, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या एका कुळाच्या मोठ्या कुटुंबातला हा मुलगा. दरोड्याच्या गुन्ह्यात मिसुरीच्या तुरुंगात गेला, तिथल्या पाद्र्याने हातात ग्लोव्हज् दिले, १९५२ मध्ये पॅरोलवर सुटला. बाहेर त्याचे व्यवहार बघणारे लोक गुन्हेगारी टोळ्यांशी जोडलेले होते, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. १९६२ मध्ये न्यूयॉर्कने त्याला लढायचा परवाना नाकारला. उंची जेमतेम सहा फूट एक इंच, पण हातांचा पल्ला ८४ इंच आणि मुठीचा घेर सुमारे १५ इंच. झग्याखाली खांद्यांवर टॉवेल खोचून तो रिंगमध्ये यायचा, आधीच आडवा माणूस आणखी आडवा दिसायचा. पंच सूचना देत असताना एकटक, पापणी न हलवता बघत राहायचा.

एवढंच असतं तर मी त्याला नाटकी म्हणून सोडून दिलं असतं. पण लिस्टनकडे जॅब होता, आणि हे लोक विसरतात. बहुतेक जोरदार मारणाऱ्यांचा एक हात घातक असतो आणि दुसरा नुसता अंतर मोजतो. लिस्टनचा डावा जॅबच माणसाला मागे ढकलायचा. त्यामुळे "लांब राहा, सुरक्षित आहेस" हा कॉर्नरचा नेहमीचा सल्ला त्याच्यापुढे निरुपयोगी. लांब राहिलात तर जॅब, जवळ आलात तर डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा. सुरक्षित जागाच उरत नाही तेव्हा मनाची गाळण उडते. टायसनपासून दूर तरी राहता यायचं.

आणि आता त्याचा मुख्य बळी बघा. फ्लॉइड पॅटरसन भित्रा अजिबात नव्हता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं सुवर्ण, १९५६ मध्ये २१ व्या वर्षी जगज्जेता. २६ जून १९५९ ला इंगेमार योहान्सनने त्याला एकाच फेरीत सात वेळा पाडलं. सातही वेळा उठला. पुढच्या वर्षी त्याच योहान्सनला नॉकआउट करून त्याने किताब परत मिळवला, आणि गमावलेलं हेवीवेट जगज्जेतेपद परत मिळवणारा तो पहिलाच. असा माणूस २५ सप्टेंबर १९६२ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर लिस्टनशी लढायला आला तेव्हा सामानात खोटी दाढी-मिशी घेऊन आला होता. हरल्यावर कुणी ओळखू नये म्हणून! आणि हरल्यावर खरोखर तीच दाढी लावून तो रातोरात गाडीने निघून गेला.

मला त्या दाढीपेक्षा रिंगमधले दोन मिनिटं सहा सेकंद जास्त बोलके वाटतात. पॅटरसनचं भांडवल म्हणजे वेग. वजनात तो लिस्टनपेक्षा २५ पौंड कमी, हात १३ इंच आखूड. म्हणजे आत शिरायचं, दोन-तीन झटपट ठोसे मारायचे आणि कोनातून बाहेर पडायचं, एवढाच मार्ग होता. त्याने काय केलं? खाली वाकून लिस्टनच्या पुढ्यात गेला, जवळजवळ काहीच मारलं नाही आणि मिठी मारायला बघत राहिला. आपल्याहून दांडग्या माणसाला मिठी मारणं म्हणजे आपलंच बळ खर्च करणं. डाव्या हुकांनी काम तमाम झालं. १९६३ च्या जुलैमध्ये लास व्हेगासला परतीची लढत झाली. ती दोन मिनिटं दहा सेकंद टिकली, म्हणजे अनुभवाची कमाई चार सेकंद. योहान्सनकडून मिळालेल्या धड्यावर वर्षभरात उत्तर शोधणाऱ्या माणसाला लिस्टनवर काहीच सुचलं नाही.

पॅटरसनचे गुरू होते कस डामाटो. त्यांनी लिस्टनशी लढू नकोस म्हणून विरोध केला होता. हेच डामाटो पुढे उतारवयात टायसनला घडवतात. भीती शूरालाही वाटते आणि भेकडालाही तेवढीच वाटते, फरक त्या क्षणी कोण काय करतो यात असतो, ही त्यांची शिकवण प्रसिद्ध आहे. एकाच गुरूच्या हाताखालून भीतीने गोठलेला एक जगज्जेता गेला आणि भीती विकणारा दुसरा. टायसन समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवावं लागतं. रिंगकडे जाताना आपल्या पोटात गोळा असायचा हे त्याने स्वतः कितीदा तरी सांगितलं आहे.

फोरमनकडे वळतो. इथे लोक सरसकट एक घोटाळा करतात. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये त्याने तेव्हाचा जगज्जेता जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, ते दहशतीचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. नाही. फ्रेझियर घाबरलेला नव्हताच. सहाही वेळा उठला आणि उठून पुन्हा पुढेच आला. तोच त्याचा घात झाला, कारण खाली वाकत पुढे येणाऱ्यासाठी फोरमनचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, तयारच होता. तो शैलींचा निकाल होता. उलट पंचांच्या सूचना ऐकताना आपलेच गुडघे लटपटत होते, फ्रेझियरने खाली बघू नये एवढीच प्रार्थना करत होतो, असं फोरमनने पुढे हसत हसत सांगितलं.

दहशत बघायची तर १९७४ च्या मार्चमधली कराकासची लढत बघा. समोर केन नॉर्टन, ज्याने वर्षभरापूर्वी अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं होतं. अलीपुढे नॉर्टन बिनधास्त पुढे सरकायचा. फोरमनपुढे तोच नॉर्टन सरळ रेषेत मागे जातो, दोऱ्यांना टेकतो आणि दुसऱ्या फेरीत संपतो. एक लढत असती तर सोडून दिली असती. पण नंतर शेव्हर्स आणि गेरी कूनी या दोन दांडग्या मारणाऱ्यांपुढेही त्याचं हेच झालं, पहिल्याच फेरीत. अलीच्या वेगाला न बिचकणारा माणूस जोराला बिचकतो. माझ्याकडेही अशी पोरं येतात. त्यांना भित्री म्हणणं अन्याय आहे, त्यांना विशिष्ट गोष्टीची धास्ती असते आणि तिच्यावर तेवढंच काम करावं लागतं.

फोरमनने हे सगळं लिस्टनकडूनच उचललं होतं, हेही सांगायला हवं. तरुणपणी तो लिस्टनचा सराव-जोडीदार होता. तुटक बोलणं, पत्रकारांकडे दुर्लक्ष, ती नजर, सगळं तिथलं. १९७४ मध्ये अलीशी लढायला आफ्रिकेत, काँगोतल्या (तेव्हाचं झाइर) किन्शासाला जाताना तर त्याने सोबत अल्सेशियन कुत्रा नेला. बेल्जियन राजवटीत तशी कुत्री पोलिसांची असायची, त्यामुळे तिथल्या लोकांच्या मनातून तो उतरला. धाक दाखवायचं सामान चुकीच्या गावात नेलं की असं होतं.

टायसन तिसरा का, यावर माझ्याकडची पोरं नेहमी भांडतात. त्यांचा मुद्दा मला कळतो. काळी चड्डी, मोजे नाहीत, झगा नाही, मधोमध भोक पाडलेला टॉवेल अंगावर, आणि २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत झोपवून २० व्या वर्षी जगज्जेता. २७ जून १९८८ ची अटलांटिक सिटीतली मायकेल स्पिंक्सविरुद्धची रात्र घेतली तर एका रात्रीच्या दहशतीत तिला तोड नाही. स्पिंक्स ३१ लढतींत अपराजित, ऑलिंपिक सुवर्णविजेता, होम्सला हरवलेला. त्याचा रिंगकडे येतानाचा चेहरा बघा. ९१ सेकंदांत सगळं उरकलं आणि स्पिंक्स पुन्हा कधी लढला नाही.

माझ्या दृष्टीने टायसनच्या दहशतीचा खरा दाखला मात्र वेगळाच आहे, आणि तो कुणी बघत नाही कारण लढत रटाळ आहे. मार्च १९८७, समोर जेम्स 'बोनक्रशर' स्मिथ, सहा फूट चार इंच. तीनच महिन्यांपूर्वी त्याने टिम विदरस्पूनला पहिल्या फेरीत उडवून किताब घेतला होता. मारायची ताकद त्याच्याकडे भरपूर होती. पण टायसनपुढे त्याने १२ फेऱ्या मिठ्या मारण्यात घालवल्या. गुण कापले गेले तरी सोडेना. शेवटच्या फेरीत, जवळजवळ सगळं संपल्यावर, त्याने एक उजवा सोडला आणि टायसन हलला. म्हणजे अस्त्र ३५ मिनिटं खिशातच होतं. असं कुणी करतं तेव्हा मी दहशत मान्य करतो.

मग तिसरा का? एक तर त्या काळातला हेवीवेट गट गुणी पण बेशिस्त होता. दुसरं, टायसनचा अर्धा धाक दूरदर्शन संचांनी पसरवला होता. लोक त्याला भेटण्याआधी त्याच्या नॉकआउटांच्या चित्रफिती शंभरदा बघून यायचे. लिस्टनला हा फायदा नव्हता. आणि तिसरं, टायसन पाच फूट दहा इंचांचा. उंच माणसाने लांब जॅब ठामपणे टाकला आणि मिठीतून लगेच बाहेर पडला तर टायसनचं गणित बिघडायचं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने तेच केलं. सट्टेबाजारात डग्लसच्या विजयाचा भाव ४२ ला १. त्याची आई तीन आठवड्यांपूर्वीच गेली होती. टायसनची भीती बाळगायला त्याच्याकडे जागा उरली नसावी, असं मला वाटतं. आठव्या फेरीत तो पडला, उठला आणि दहाव्यात त्याने टायसनला संपवलं. त्या रात्री टायसनच्या कॉर्नरकडे डोळ्याची सूज दाबायचं लोखंडी साधनसुद्धा नव्हतं, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून काम चालवलं. धाकावर भिस्त ठेवणाऱ्यांची तयारी अशी ढिली होत जाते.

जो लुईचा उल्लेख न केल्यास जुने जाणकार मला सोडणार नाहीत. त्याची पद्धत निराळी: चेहऱ्यावर काही नाही, आखूड सरकती पावलं, आणि चूक झाली की शिक्षा. १९३५ मध्ये मॅक्स बेअर, जो स्वतः लोकांचा थरकाप उडवायचा, चौथ्या फेरीत एका गुडघ्यावर बसून दहा अंक ऐकत राहिला. चौथ्या क्रमांकावर लुई. त्याखालच्या क्रमांकांत मला रस नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. दहशत खरी असते, पण तिची मुदत तोकडी असते: एक ते तीन फेऱ्या. तेवढ्यात काम झालं नाही तर घाबरवणाराच गोंधळतो, कारण पाचव्या फेरीचा विचार त्याने कित्येक महिन्यांत केलेला नसतो. १९६० मध्ये एडी मेकन लिस्टनपुढे फिरत राहून १२ फेऱ्या टिकला होता. हरला, पण राक्षस १२ फेऱ्या चालवता येतो हे दिसलं होतं. कॅशियस क्लेने, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीने, २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचवर बाकीचं दाखवलं. सकाळी लढतीआधीचं वजन करताना त्याने एवढा थयथयाट केला की दंड झाला. डॉक्टरांनी नाडी मोजली तर ती १२० च्या आसपास, नेहमीच्या दुपटीहून जास्त. हा पोरगा भीतीने वेडा झालाय, असं सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळाने नाडी पूर्ववत. ते निव्वळ नाटक होतं असं मी म्हणणार नाही. ओरडून भीती बाहेर काढणारी पोरं मी बघितली आहेत, आणि ती बहुधा गप्प बसणाऱ्यांपेक्षा मोकळी खेळतात. लिस्टनची सगळी जरब समोरचा माणूस शहाणा आहे या गृहीतावर उभी होती. वेड्याला कसं घाबरवायचं? सहा फेऱ्यांनंतर लिस्टन खांदा दुखतो म्हणून स्टुलावरून उठलाच नाही.

दहा वर्षांनी किन्शासात, ३० ऑक्टोबर १९७४ ला, अलीने फोरमनलाही असंच भलतं उत्तर दिलं. दोऱ्यांना टेकून मार झेलला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पहिल्या फेरीकडे नीट बघा. जॅब न टाकता थेट उजवा हात, पुन्हा पुन्हा. लांबून येणारा उजवा म्हणजे समोरच्याचा अपमानच, तो दिसायला भरपूर वेळ असतो. सगळं जग ज्याला घाबरतं त्याला पहिल्या तीन मिनिटांत हे मारणं म्हणजे त्याचा धाक मी मानत नाही हे जाहीर करणं. आठव्या फेरीत फोरमन पडला तोवर त्याच्या दंडात काही उरलं नव्हतं.

मी पोरांना "घाबरू नकोस" असं कधीच सांगत नाही. ते वाक्य ऐकून आजवर कुणाची भीती गेलेली नाही. घाम फुटेपर्यंत वॉर्म-अप करून घेतो, म्हणजे श्वास आधीच मोकळा होतो. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता छातीच्या वरच्या भागाकडे बघायला सांगतो. तिथून दोन्ही खांदे दिसतात, आणि ठोसा खांद्यातून निघतो. पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी एकच काम: दोन जॅब पूर्ण लांबीने टाक आणि डावीकडे पाऊल काढ. बसले नाहीत तरी चालतील. पाय बाजूला गेला की माझं निम्मं काम झालं.

लढती बघायच्या असतील तर पॅटरसन-लिस्टन पहिली आधी बघा, आवाज बंद करून आणि लिस्टनकडे न बघता फक्त पॅटरसनकडे. मग नॉर्टन-फोरमन, त्यात नॉर्टनचे पाय. मग क्ले-लिस्टनची पहिली फेरी, म्हणजे पाय बाजूला गेले की काय फरक पडतो ते कळेल. टायसन-स्मिथ अख्खी बघायचा आग्रह मी कुणालाच करणार नाही. पहिली, सहावी आणि बारावी फेरी पुरे.